ताईची एकाक्षरी समीक्षा

सोमवार, ८ सप्टेंबर

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. साठी उलटली तरी तू धाकटीच, त्यामुळे आशीर्वादांतून सुटका नाही. आम्ही इकडे ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढू नकोस. तुझ्या घराला जिनाच नाही हे लिहिल्यावर आठवलं. आमच्याकडे तीन मजले आहेत आणि लिफ्ट यायची चर्चा मी नोकरीला लागलो तेव्हापासून चालू आहे.

पत्र कशाला, फोन मोडला का, असं तू म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, हे पहिलं कारण. दुसरं पुढे कधीतरी.

पत्रास कारण की, मला किळस आली आहे. वीट म्हणणार होतो, पण तो शब्द फार सभ्य आहे. किळसच.

तुझ्या ताईला बोलायला शिकवायला जी बाई येते तिची. मी तिचं नाव पोपटवाली ठेवलंय. गोड आवाज, गळ्यात ओळखपत्र, आणि प्रत्येक गोष्टीला 'छान!' ताईने जांभई दिली तरी 'छान!' चाळीस वर्षं मी चष्म्याच्या काचा घासल्या, पण एवढी गुळगुळीत वस्तू हाताखालून गेली नाही.

तुला ठाऊक आहेच, अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली आणि सगळे शब्द गेले. उरला एक. 'शी.' डॉक्टर म्हणाले, एखादा शब्द असा मागे राहतो, कोणता ते सांगता येत नाही. मी सांगू शकलो असतो. माझ्या शाळेतल्या पाठ कवितांवर लग्नापासून तिने हाच अभिप्राय दिलाय. ती मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसायची, मी समोर माझं फाटकं पाठ्यपुस्तक घेऊन. मी म्हणायचो,

सांजनदीच्या पाण्यावरती सोनसळीची वीण

आणि ती पायडल न थांबवता म्हणायची, "वीण कसली? एक तरी टाका सरळ आहे का त्या पाण्यात? आणि संध्याकाळी नदीवर डास किती! शी!" चिमणीच्या घरट्याची कविता म्हटली, तर "खालची घाण कोण पुसतं, कवी? शी!" माझी सगळ्यांत लाडकी,

चांदण्यांची दुलई घेउन निजले सारे रान

ही ऐकवली तेव्हा तिने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "दव पडून चिंब होईल ती दुलई. वाळत कोण घालणार? शी!"

गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हणायचो. उघड म्हणायची हिंमत नव्हती. कात्री तिच्या हातात असे.

आमच्या गुरुजींना एकच चाल येत होती, हे मी तुला सांगितलंय का? वर्षभराच्या सगळ्या कविता ते त्या एका चालीत बसवत. जी बसली नाही ती गाळत. दुपारची वेळ, खिडकीतून तिरकं ऊन, खडूची पांढरी धूळ त्यात तरंगते आहे आणि आम्ही सगळी पोरं बाकावर ताल धरून ओरडतोय. मला वाटतं मी त्या वर्गातून बाहेर पडलोच नाही. नुसतं शरीर काचा घासायला गेलं. दाढी करताना त्याच चालीत म्हणायचो, रोज, आणि आतून तुझी ताई, "झाली का तुमची शाळा?"

तर पोपटवालीने विचारलं, "काका, काकूंना कोणती गाणी येतात?" म्हटलं, तिला गाण्याचं वावडं आहे. "मग घरात कानावर काय पडायचं?" मी सांजनदीची अर्धी ओळ म्हटली. आणि धाकटे, खाटेवरून आवाज आला. वाकड्या तोंडातून, पण सूर सरळ: "सोनसळीची वीण."

शब्द न् शब्द. बोलता येत नाही, पण चालीत म्हणता येतं. मेंदूत गाण्याची खोली वेगळी असते म्हणे. जन्मभर पालथ्या घड्यावर पाणी ओततोय असं समजत होतो आणि घडा भरलेला निघाला.

तेवढ्यात त्या बाईने टाळी वाजवली. "छान! आता ही ओळ आपण पाण्यासाठी वापरू."

पाण्यासाठी! म्हणजे तहान लागली की सांजनदी. माझी कविता तिने पेल्यासारखी उचलली आणि खाटेशेजारी ठेवली. हसतेस ना? हस.

तुझ्या आग्रहाबद्दल. तू म्हणालीस ताईला माझ्याकडे पाठवा, तळमजला आहे, रुंद दारं आहेत, दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेला माझा. मी ताईला विचारलं. ती 'शी' म्हणाली. म्हणजे नाही. मी तुला तसं कळवलं. त्यावर तू, "दाजी, आधी भांडं लावून बघितलंत का?" हा विनोद मला आवडला नाही. तिच्या 'शी'ला दोन अर्थ आहेत हे मला तुझ्याइतकंच कळतं, आणि रोज कळतं.

सकाळची बाई अंघोळ घालून जाते. बाकीचं मी बघतो. पाठीवर किंचित लाली आहे, हवेमुळे असेल.

लोभ आहे तेवढा पुरे; सल्ले पाठवू नयेत.

तुझा दाजी


गुरुवार, १८ सप्टेंबर

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे चार ओळी. त्यांत 'पाठ' हा शब्द तीनदा. "पाठ रोज बघा. पाठ कोरडी ठेवा. कविता पाठ नसल्या तरी चालतील, ही पाठ बघा, कविराज." कोटी बरी जमलीय. तुमच्या घराण्यात कवितेचा अंश होता तर तो एवढाच.

इकडची हालहवाल. आमच्या घरात आता कवितांची भांडीकुंडी झाली आहेत. सांजनदी म्हणजे पाणी. 'चिमणघराच्या खिडकीमधुनी डोकावे आभाळ' म्हणजे खिडकी उघडा. आणि दुलई, माझी चांदण्यांची दुलई, ती कशासाठी नेमली ठाऊक आहे? चादर ओली झाली की. पोपटवालीनेच नेमली. "काकू, ओलं झालं की दुलई म्हणायचं हं! छान!"

मी तिला जिन्यापर्यंत गाठून म्हटलं, "बाई, ही कविता चांदण्याबद्दल आहे."

"हो का काका? पण आता ती चादरीबद्दल आहे ना!"

आणि गुरुजींच्या कृपेने सगळ्यांना चाल एकच. मी स्वयंपाकघरात असलो की नुसता सूर ऐकू येतो, शब्द नाहीत. आत धावत जाईपर्यंत पाणी की खिडकी की ते, काही कळत नाही. एकदा पेला घेऊन गेलो तर दुलई होती.

त्याहून ओंगळ प्रकार मंगळवारचा. पोपटवाली दोन शिकाऊ मुली घेऊन आली. दोघींच्या हातांत फोन. तुझ्या ताईला उशीला टेकवून बसवलं, केस नीट केले आणि म्हणाल्या, "काकू, म्हणा ना नदीचं." तिला तहान नव्हती. "म्हणा ना!" शेवटी मलाच म्हणाल्या, काका तुम्ही सुरू करा. मी केली, धाकटे. जत्रेतल्या माकडवाल्यासारखी डुगडुगी वाजवली. तिने पूर्ण केली. दोघींनी टाळ्या वाजवल्या, आणि एकीने पेला पुढे केला. तुझ्या ताईने डाव्या हाताने तो पेला असा उडवला की फोनवर पाणी. आणि मग, "शी!"

मला आनंद झाला. कितीतरी दिवसांनी आम्हा दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं.

अजून एक ओळ ती म्हणते. ती कोणी नेमून दिलेली नाही, तिची तीच काढते. तुलाही आठवेल, मी तुमच्या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा म्हणून दाखवली होती आणि तू तोंडात रुमाल कोंबून आत पळाली होतीस.

पायवाट गे, पायवाट गे, ने मजला पल्याड
बहिणीच्या गं दारापुढती एक वाकडे झाड

तेव्हा तुझी ताई म्हणाली होती, "वाकडं झाड? घरावर पडलं म्हणजे? तोडून का नाही टाकत?" तर ती ओळ. पहिलीच फक्त. दुपारी म्हणते, संध्याकाळी म्हणते. पोपटवाली म्हणाली, "ही कशासाठी आहे, काका?" मी म्हटलं, तिला बाल्कनीत बसायचं असेल. मग खुर्ची सरकवून तिला दारापाशी नेतो. तिथून समोरच्या इमारतीचे नळ दिसतात. ती नळांकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि पुन्हा तीच ओळ म्हणते.

बाल्कनीच असणार. दुसरं काय असेल?

दुलई मात्र गेल्या आठवड्यापासून म्हणत नाही. म्हणजे सुधारणा आहे.

पाठ बघतो.

काळजी करू नकोस, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुझा दाजी


रविवार, २८ सप्टेंबर

धाकटे,

आशीर्वाद आज नकोत. ते द्यायला माणूस जरा बऱ्या जागी बसलेला असावा लागतो.

काल पोपटवालीने श्वासाचा काहीतरी व्यायाम करवायला ताईला कुशीवर वळवलं, आणि थांबली. मी वाट बघत होतो. 'छान' आलं नाही.

"काका, हे कधीपासून?"

"लाली आहे," म्हटलं. "हवेमुळे."

"ही लाली नाही. जखम झालीय. या ओल्यातच पडून असतात. ओळ म्हणत नाहीत का त्या?"

"हल्ली नाही म्हणत."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या बाईचा चेहरा गोडपणा काढून ठेवल्यावर चांगला आहे. "काका," ती म्हणाली, "म्हणता येत नाही म्हणून नव्हे. खिडकीचं म्हणतात, पाण्याचं म्हणतात. हेच का म्हणत नाहीत?"

मी टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मला ठाऊक होतं, धाकटे. 'कवीला काय म्हणायचे आहे?' या प्रश्नाला शाळेत माझ्याइतके मार्क कुणाला पडत नसत.

आता ते दुसरं कारण, फोनवर न बोलण्याचं. फोन तिच्या उशाशी आहे. तिला बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं, आणि जे सांगायचंय ते तिच्या कानावर जायला नको होतं. खरं तर तिला ते माझ्या आधीपासून कळलेलं आहे.

मला तिची किळस येते.

लिहिलं. शाई वाळू दे म्हणून जरा थांबलो.

दवाखान्यातून आणली त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी एकटाच होतो. चादर उचलली आणि माझं पोट ढवळून आलं. मोरीपर्यंत कसाबसा पोचलो. त्या मोरीचं दार पुरतं लागत नाही, तुला माहीत आहे. सगळा आवाज तिने ऐकला. तोंड धुऊन, नाकावर अत्तराचा रुमाल बांधून परत आलो. हो, अत्तराचा. फुलांच्या कविता आवडणारा माणूस! तिने त्या रुमालाकडे बघितलं आणि 'शी' म्हणाली. ते भांड्याचं नव्हतं आणि कवितेवरही नव्हतं.

प्रेम आटलं असं समजू नकोस. पोट प्रेमाला विचारत नाही. मी रोज ठरवतो, आज रुमाल नाही. रोज चादरीचं टोक धरतो आणि घसा उलटा फिरतो. मग तिनेच तिच्या परीने उपाय काढला. हाकच मारायची नाही. घाणीत पडून राहायचं, पण नवऱ्याला ओकायला लावायचं नाही. जिने आयुष्यात कुणाच्या अंगावर सुरकुतलेली कॉलर चालवून घेतली नाही, ती. आणि मी बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून म्हणत होतो, सुधारणा आहे.

तू बोलावलंस हे तिला तेव्हाच सांगितलं, ते खरं. 'शी' म्हणाली, तेही खरं. पण तू म्हणालीस तसंच होतं, तिला भांडं हवं होतं. मी भांडं दिलं आणि उत्तरही ठेवून घेतलं, दोन्ही कामांना एकच 'शी'. पुन्हा विचारलं नाही. कारण ती गेली तर या घरात माझ्या कविता ऐकून नाक मुरडणारं कोणी उरत नाही, आणि मूलबाळ तर आम्हाला नाहीच. शिवाय, खरं सांगतो, ती गेली तर मला सुटल्यासारखं वाटेल, याचीही धास्ती होती.

चालीत म्हणता यायला लागल्यावर पायवाटेची ओळ तिने काढली ती त्या रुमालामुळे. बाल्कनी कसली! पोपटवाली इतक्या कविता फुकट घालवते म्हणून मी तिच्यावर नाकाने कांदे सोलत होतो. तिने निदान प्रत्येक ओळीला जे हवं ते आणून दिलं. एकच ओळ तुझ्या ताईने स्वतः निवडली, आणि ती मी नळांकडे तोंड करून बसवली.

काल पोपटवाली गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो. रुमाल नव्हता. वास होता. म्हटलं, "धाकटीकडे जायचं?" तिने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं असेल, आता हा खुर्ची सरकवणार. मी पुन्हा विचारलं आणि मदत म्हणून चाल धरली, "पायवाट गे, पायवाट गे..."

तिने डावा हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला. गप्प केलं मला. मग तिचे ओठ बराच वेळ काहीतरी शिवत राहिले, टाका सुटायचा, पुन्हा घालायची. आणि म्हणाली,

"धा... कटी."

चालीत नव्हे. साधं, कोरडं, तिचं स्वतःचं. इतक्या दिवसांत 'शी'नंतरचा पहिला शब्द. मला जरासा हेवा वाटला, लपवत नाही. माझ्या सगळ्या कविता ओलांडून ती तुझ्यापाशी पोचली.

माझा ऊर भरून आला. आणि ऊर भरला की मला दुसरं काही येत नाही, तुला ठाऊक आहे. मी तिचा हात धरून म्हणायला लागलो, "चांदण्यांची दुलई घेउन..."

"शी!"

मी ताडकन उठून भांडं आणलं. तर ती हलायला लागली. मला वाटलं, पुन्हा झटका. हसत होती, धाकटे. अर्धंच तोंड, पण पुरं हसू. भांडं नको होतं. समीक्षा होती.

तेव्हा तू ये. येत्या रविवारी ये, खाली उतरवणारी माणसं आणि गाडी मी ठरवतो. सकाळच्या बाईला दुपारचंही यायला सांगितलंय, तोवर ती बघेल. आणि ती नसेल तेव्हा मी, रुमालाशिवाय. काल आणि आज जमलं. दोन्ही वेळा मोरी गाठली, पण नंतर, सगळं झाल्यावर. एवढीच प्रगती.

मी बरोबर येत नाही. 'तुम्हीही चला' म्हणू नकोस. मी असलो की ती तुलाही हाक मारणार नाही.

तुला तिचं बोलणं कळावं म्हणून सांगून ठेवतो. सांजनदी म्हणाली तर पाणी दे, पण उकळून गार केलेलं, नळाचं ती ओळखते. चिमणघर म्हणाली तर खिडकी उघड. दुलई म्हणाली तर पळत जा आणि तोंड वाकडं करू नकोस. तू करणार नाहीस, जन्मभर परक्यांचं केलंस. 'शी' म्हणाली तर आधी भांडं लाव. नको असेल तर बघ, जवळपास कोणी काही गोड गोड बोलतंय का.

राहिली पायवाट. तुझ्या दारात पोचल्यावर तिला ती म्हणायचं कारण उरत नाही. पण समजा म्हणालीच. तुझ्या घरून 'पल्याड' म्हणजे कुठलं, याचा मी काल रात्रभर विचार केला. एकदा म्हणाली तर सवय समज आणि दुर्लक्ष कर. दुसऱ्यांदा म्हणाली तरी, तुझ्याकडे बाल्कनी नाही, तिला दारात नेऊन बसव.

तिसऱ्यांदा म्हणाली तर मात्र मला कळव.

तोवर इथेच, वाकड्या झाडासारखा उभा,

तुझ्या ताईचा नवरा